वर्तणूक : वाईट

निपाणी,
ता. ९ जानेवारी १९३८, रविवार

शामू,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. चार वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी मायेचे दोन शब्द यावेत असं तुला वाटेल. आज ते माझ्याकडे नाहीत.

शालन सापडली.

कोण शालन, असं विचारू नकोस. तुमच्या बेळगावच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात बारा वर्षं भाकऱ्या थापून जी गेल्या जूनमध्ये छातीच्या दुखण्यानं गेली, त्या जयाबाईची एकुलती मुलगी. पंधरा वर्षांची. बाप तिनं पाहिलेलाच नाही. सातवीत पहिल्या तिघींत असायची. सप्टेंबरात तू आणि तुझ्या देवळातल्या पंचांनी तिला पेटीसकट बोर्डिंगबाहेर काढलंत. पुढं ती कुठं गेली, काय खाते, कुणाच्या ओसरीला निजते, याची तुमच्यापैकी एकानंही चौकशी केली नाही. ती शालन. तिचा बाप्तिस्मा पाळक म्हणून तुझ्याच हातचा आहे.

ती इथं तंबाखूच्या वखारीत होती.

माझ्या शाळेत पहिलीत एक पोर आहे, तिची आई नागुबाई. ती नुकतीच त्या वखारीत कामाला लागली. परवा पोरीला सोडायला आली आणि सहज म्हणाली, "बाई, तुमच्यातली एक पोरगी हाय आमच्यात. कुणासंगं बोलत न्हाय. पर भाकरी सोडली की आदी डोळं मिटती आन् व्हट हालवती. तुमची पोरं करत्यात तसं."

पंचांच्या वहीत तू लिहिलं आहेस ना, 'विश्वासातून ढळलेली'? वाच हे पुन्हा एकदा.

मी तशीच उठून गेले. वखारीत बायका ओळीनं बसून पानं निवडतात. नाकाला पदर बांधलेला असतो, तरी आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले आणि दोन मिनिटं काही दिसेना. दिसायला लागलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. उठली नाही. म्हणाली, "बाई, मला न्यायला आलाय, का हितनंबी काढायला?"

शामू, हे पंधरा वर्षांचं लेकरू बोलतंय.

वखारीचे मालक बाबगोंडा अण्णा. जैन माणूस. मला वाटलं, ऐन हंगामात कामाची बाई नेते म्हणून कुरकुर करतील. त्यांनी तिला कामाचं जे द्यायचं ते देऊन टाकलं आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "न्या बाई, खुशाल न्या. ह्या धुरळ्यात पोरीची जात ऱ्हायली न्हाय पायजे. आमच्यातल्या एका म्हातारीकडं तिची सोय केलती मी. पर एक इचारू का? तुमच्या लोकांत हिला इचारणारं कुणीच न्हाय व्हय?"

मी काय उत्तर द्यायचं होतं? तूच सुचव. तुला उपदेश करता येतो.

परवापासून ती माझ्या घरी आहे. न्हाऊ घातलं तर अंगावरून पिवळं पाणी गेलं. खोकला आहे. जेवते, पण ताटाकडे असं बघते की कुणी उचलून नेईल. ती निपाणीत आहे हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर ही वेळ येऊ दिली नसती.

आता कामाचं. तिला सातवीच्या व्हर्नाक्युलर फायनलला बसायचं आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण इथल्या मोठ्या शाळेचे हेडमास्तर मारुतीराव म्हणतात, शाळा सोडल्याचा दाखला आणा, मी फॉर्म भरतो. परीक्षा मार्चअखेर चिकोडीला. दाखल्यावर शाळेचा व्यवस्थापक म्हणून तुझी सही लागते. उलट टपाली पाठव.

मालुआक्का


निपाणी,
ता. २४ जानेवारी १९३८

शामू,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. सोबत दाखला.

'वर्तणूक' या रकान्यात तुझ्या त्या वळणदार अक्षरात 'वाईट' असं लिहिलेलं आहे. अक्षर सुंदर काढावं हे मीच तुला शिकवलं, पाटीवर हात धरून. तो हात मोडला असता तर बरं झालं असतं.

मारुतीरावांनी दाखला वाचला, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. "बाई, ह्यावर मी तिला बसवू शकत न्हाय. वरनं इचारणा होती." शालन तिथंच उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "मी उद्यापास्नं वखारीत जातो." मी तिला धरून बसवलं. कसं, ते विचारू नकोस. मीही ओरडले. तीही ओरडली.

त्या मुलीनं काय केलं होतं, तुला माहीत आहे का? तुला माहीत आहे ते बोर्डिंगच्या मेट्रननं सांगितलेलं. दर गुरुवारी दुपारी दवाखान्याचं नाव करून बाहेर पडते, दवाखान्यात पोचत नाही, एकदा कॅम्पातल्या रस्त्यावर कुणाला तरी दिसली. म्हणजे नक्की कुणी गोरा सोजीर असणार. पंचांनी माना डोलावल्या. तू तिला उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर उभं केलंस. 'नाव सांग आणि पश्चात्ताप कर.' दीड तास. ती काही बोलली नाही, म्हणून तिला निर्ढावलेली ठरवलंत.

आता मी सांगते ते ऐक. मला ते विचारायला आठ दिवस लागले, कारण असल्या गोष्टी समोर उभं करून विचारत नाहीत. आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. मी सुपातून नजर न काढता विचारलं, "गुरुवारी कुठं जायचीस गं?"

"आईकडं."

एवढंच. आईकडं. जयाबाई गुरुवारी गेली. कॅम्पातल्या आपल्या दफनभूमीत कडेला तिला ठेवलं आहे, दगडसुद्धा नाही. ही तिथं जाऊन गवत उपटायची आणि त्या आठवड्यात शाळेत काय झालं ते आईला सांगायची. गणितात किती बरोबर आले ते. तिथला राखणदार भावकू तिला तांब्याभर पाणी द्यायचा आणि वेळ झाली की म्हणायचा, "जा आता बाळ, तुझी बाई कावंल." भावकू आपल्या मंडळीतला नाही. तुझ्या मंडळीतल्या साठ-सत्तर मोठ्या माणसांत एकजणही जयाबाई गेल्यावर या पोरीशी पाच मिनिटं बसून बोलला नाही. थडगी राखणारा माणूस बोलला.

"मग सांगितलं का नाहीस त्या दिवशी?" मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांनी कुटं जातीस म्हणून इचारलंच न्हाय, बाई. तो कोण हाय म्हणून इचारलं. कोणच नव्हता. मग काय सांगू?"

शामू, मी सूप खाली ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिले.

तू लिहिशील की ती खोटं बोलली, दवाखान्याचं नाव तरी खोटंच होतं. होतं. त्याच्या आधी तिनं दोनदा खरं सांगून परवानगी मागितली होती. मेट्रननं सांगितलं, मेलेल्यांपाशी जाऊन बसायची रीत आपल्यात नाही, आई देवाघरी आहे, आनंद मान. ज्या पोरीची आई महिन्यापूर्वी गेली आहे तिला आनंद मानायला सांगायचं! आणि ती खोटं बोलली की आपण थक्क व्हायचं!

हा दाखला परत पाठवते आहे. दुसरा दे.

मालुआक्का


निपाणी,
ता. ७ फेब्रुवारी १९३८

शामू,

या वेळी तू दोन पानं लिहिलीस. बोर्डिंगात चाळीस मुली आहेत, त्यांचे आईबाप आहेत, एकीला सोडलं तर शिस्त कुठं राहील. दाखला एकदा दिला की बदलत नसतो. दफनभूमीचं खरं असेलही, पण त्याला साक्ष एका राखणदाराची. आणि शेवटी खाली ती ओळ: 'आक्का, त्या रविवारी तूही देवळात होतीस. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या बाकावर. तू का उठली नाहीस?'

दोन दिवस मी तुला शिव्या देत ते पत्र वाचलं. तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या. ओळ तिथंच होती.

होते मी. बायकांच्या वार्षिक मेळाव्याला आले होते, तुझ्या घराची पायरी चढायची नाही म्हणून थेट देवळात आले आणि थेट परत गेले. शालनला उभं केलेलं मी पाहिलं. जयाबाईनं शेवटच्या आजारात माझा हात धरून सांगितलं होतं, "मालुबाई, पोरीवर नजर असू द्या." नजर तर होतीच माझी. दीड तास होती. मी उठले नाही, कारण मी उठले असते तर सगळे म्हणाले असते की ही भावाचा सूड उगवते आहे. विधवा बाईनं परगावी एकटीनं शाळा चालवू नये, असं तू पंचांपुढं म्हणाला होतास, त्याचा. मला माझ्या नावाची काळजी पडली होती.

आता आणखी एक लिहिते, जे तू विचारलेलं नाहीस आणि तुला कळायचंही कारण नव्हतं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की ती निपाणीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली होती. दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला दिपोटी यायचे होते. मी खिडकीतून ओळखलं तिला. डोक्यात आलं ते हे, की या पोरीबद्दल बेळगावात काय बोलतात ते दिपोटींच्या कानावर गेलं तर माझी शाळा जाईल. मी आतूनच म्हटलं, "आज जमणार नाही गं, नंतर ये." ती गेली. मी नंतर वाट पाहिली नाही. नागुबाईनं माझ्या तोंडावर सांगितलं तेव्हा मला लाज वाटून मी वखारीत गेले. हे माझं पुण्य.

परवा मी हे सगळं शालनला सांगितलं. भाजी चिरत होती. हात थांबवला नाही.

"ठाऊक हाय मला," म्हणाली. "देवळात निळं लुगडं हुतं तुमचं. मी तुमच्याकडंच बघत हुतो."

"मग माझ्या दारात का आलीस?"

"तुमच्या डोळ्यात पाणी हुतं. दुसऱ्या कुणाच्या नव्हतं. म्हटलं, बघावं."

"आणि मी दार उघडलं नाही, तेव्हा?"

"तवा कळलं, नुसतं पाणी येऊन कायबी उपेग न्हाय."

तिनं भाजी फोडणीला टाकली. मला जेवायला वाढलं. ते जेवण मी कसं गिळलं, मला माहीत.

तेव्हा मला माझा दोष दाखवून तू सुटशील असं समजू नकोस. माझा दोष मी मान्य केला. आता तुझ्याकडे येते.

एकोणीसशे पाच. तू पंधरा वर्षांचा होतास. शाळेतल्या साहेबानं तुला सगळ्यांसमोर आळशी म्हटलं आणि तू त्याच्या बंगल्याच्या खिडकीवर दगड मारून पळालास. काच साहेबाच्या मडमेच्या पायात घुसली. आई चूल न पेटवता बसून होती. सगळे म्हणत होते, गेला तो गेला. एकटे शाळेतले गुंडूमास्तर म्हणाले, पोरगं आहे, कुठं जाईल, लाकडाच्या गाड्यांबरोबर खानापूरला गेलं असेल. तीन दिवस त्यांनी डेपो पालथे घातले. तू ओंडके चढवत होतास, खांदा सोललेला. मास्तरांनी काय केलं, सांग? तूच मला सांगितलं होतंस. त्यांनी विचारलं, "जेवलास?" आणि तुला घरी नेलं. स्वतःच्या घरी, दोन वर्षं. साहेबाला जाऊन म्हणाले, हा माझ्या जबाबदारीवर शाळेत येईल. त्या दोन वर्षांत ते तुला खिडकीबद्दल एकदाही बोलले नाहीत. तू स्वतःच एके दिवशी मडमेची माफी मागायला गेलास.

तुझ्या दाखल्यावर 'वर्तणूक' काय होती रे? मी पाहिली आहे. 'चांगली' होती. ती त्या पोराची नव्हती. ती गुंडूमास्तरांच्या जबाबदारीची होती.

इतक्या वर्षांत तू हे एकदाही उपदेशात सांगितलं नाहीस. मुलांना वाटतं, पाळकसाहेब जन्मताच काळा कोट घालून आले.

येत्या वीस तारखेला, रविवारी, मी तिला घेऊन बेळगावला येते आहे. ती जिथं उभी होती तिथं मी उभी राहणार आहे. तयार राहा.

मालुआक्का


निपाणी,
ता. २१ फेब्रुवारी १९३८

शामू,

माझं पत्र पोचलं आणि तुला एकदम खानापूर-नंदगडच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवरचे विश्वासी आठवले! पंधरा दिवसांचा दौरा! काल देवळात तुझ्या जागी एक शिकाऊ उपदेशक होता, बिचारा घामानं भिजला होता.

तेव्हा काय झालं ते तुला माझ्याकडूनच ऐकायला लागणार.

शालन देवळात आली नाही. फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "मी आईकडं बसतो. तुम्ही जावा." मी बळजबरी केली नाही. उपासना संपली, सूचना वाचून झाल्या, आणि मी उठून पुढं गेले, व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, त्याच जागी. मी सांगितलं, गुरुवारी ती कुठं जात होती. सांगितलं, मी तिसऱ्या बाकावर बसून होते आणि पुढं दारातूनही तिला परत पाठवलं. मग म्हटलं, जयाबाई ही पोर कडेवर घेऊन इथंच उभी होती तेव्हा पाळकांनी मंडळीला विचारलं होतं, या लेकराला वाढवायला हातभार लावाल का? तुम्ही सगळे उठून म्हणाला होतात, लावू. पोर पाळण्यात असताना हे म्हणायला काय लागतं? ती गोजिरी असते. पंधरा वर्षांची झाली, उलटून बोलायला लागली, खोटं सांगायला लागली, आईविना सैरभैर झाली, तेव्हाच ते वचन पाळायची वेळ येते. तेव्हा तुम्ही पेटी बाहेर ठेवलीत. आता मी पुन्हा विचारते. कोण उठतं?

कुणी नाही. माणसं जाजमाकडे बघत होती. थोरल्या पंचांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "पाळकसाहेब नसताना हा विषय घेता येत नाही, मालुबाई. तुम्ही बसून घ्या."

मी बसले नाही. मला वाटतं मी किंचाळणार होते. तेवढ्यात बायकांच्या बाजूला पहिल्या बाकावर कुणीतरी उठलं.

तुझी बायको.

वीस वर्षांत तारामतीला मी चारचौघांत बोलताना ऐकलेलं नाही. तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकूही गेला नसेल. "माज्या घरात जागा हाय," म्हणाली. "जयाबाई गेली त्याच दिवशी मी पोरीला घरी आणायला पायजे हुतं. मनात आलतं. घरात इचारायचं धाडस झालं न्हाय."

पंच म्हणाले, "बाई, साहेबांना..."

"साहेबांना मी सांगीन," ती म्हणाली आणि उभीच राहिली. मग दवाखान्यातली म्हातारी दाई शालूबाई काठी टेकत उठली. आणि तुझा तो घामेजलेला उपदेशक. संपलं. सगळे मिळून तिघं. बाकी मंडळी बाहेर जाऊन हवेबद्दल बोलायला लागली.

आम्ही दफनभूमीत गेलो. तारामतीनं शालनचा हात धरून घरी चल म्हटलं. शालननं हात सोडवून घेतला. "आता नको, बाईसाहेब." उद्धटपणे नाही, पण नको म्हणजे नको. मला वाटलं तारामती रडत परत जाईल. ती थडग्यापाशी खाली बसली, पदर खोचला आणि गवत उपटायला लागली. बऱ्याच वेळानं शालनही बसली. भावकूनं दोन तांबे पाणी आणून ठेवलं. आमची मोटार सुटायच्या वेळेपर्यंत त्या दोघी गवत काढत होत्या.

निघताना तारामती मला म्हणाली, "वन्सं, ह्यांना एवढं रागाचं लिहू नका, पत्र वाचून जेवत न्हाईत."

न जेवू दे. मी लिहीत राहणार. फॉर्म भरायला वीस दिवस उरले आहेत.

मालुआक्का


निपाणी,
ता. १४ मार्च १९३८

शामू,

दाखला मिळाला. नवा. 'वर्तणूक : चांगली. माझ्या जबाबदारीवर.' मारुतीरावांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं. "असं कोण लिहीत न्हाय बाई," म्हणाले, पण शेवटच्या दिवशी फॉर्म भरला.

शालनला दाखवला. ती म्हणाली, "बरं." अभ्यासाला बसली.

तू लिहितोस की दौऱ्यात खानापूरला लाकडाच्या डेपोपाशी दोन तास उभा राहिलास आणि तिथं ओळखीचं कुणीच उरलेलं नाही. गुंडूमास्तर जाऊन अठरा वर्षं झाली, शामू, तिथं कोण भेटणार होतं? पण तुला तिथून कुणी उचलून आणलं होतं हे आठवलं असेल, तर चालण्याचे श्रम फुकट गेले नाहीत.

आणि तू विचारतोस, मी निपाणीला येऊन तिची माफी मागू का?

नको. तू येशील, तुझ्या कोटात, तिच्यासमोर उभा राहशील, डोळे पुसशील, आणि मग तिला काहीतरी बोलावं लागेल. तुला हलकं वाटावं म्हणून तिनं पुन्हा एकदा उभं राहायचं? तिनं माफ करावं असं तिच्यावर कुणाचंही बंधन नाही. मलाही तिनं अजून माफ केलेलं नाही. मी तिला सकाळी उठवते, काढा देते, इतिहासाच्या सनावळ्या घोकून घेते. ती चिडते, पुस्तक आपटते, दोन दिवस अबोला धरते, एकदा रागानं घरातून निघून नागुबाईकडं जाऊन बसली. मी जाऊन आणली. हे असंच असतं, मला आता कळतं आहे. उपदेशापेक्षा फार कंटाळवाणं काम आहे.

तुला काही करायचंच असेल तर हे कर. परीक्षा चिकोडीला आहे, सोमवार अठ्ठावीस ते बुधवार तीस. मला ते तीन दिवस शाळा सोडता येत नाही. बाबगोंडा अण्णांच्या नात्यातल्या एका घरी तिची राहायची सोय झाली आहे. पण शाळेपर्यंत नेणं, पेपर संपेपर्यंत बाहेर बसणं, मधल्या सुट्टीत डबा देणं, बाकीच्या पोरींचे बाप-मामा करतात तेवढं करायला तिला कुणी नाही. तू ये. बोलू नकोस. प्रार्थना सांगू नकोस. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे. नुसता बस.

मी तिला सांगितलं आहे. ती म्हणाली, "येतील तर येतील."

आक्का


निपाणी,
ता. २ एप्रिल १९३८

शामू,

शालन परत आली. पेपर बरे गेलेत म्हणते, भूमितीत एक प्रमेय चुकलं. निकाल जूनमध्ये. पास झाली तर ट्रेनिंगला पाठवायचं, नापास झाली तर पुन्हा बसवायचं. दोन्ही वेळा तू आणि मी आहोत, हे आत्ताच ठरवून ठेव. माझ्या रागाचं काय करायचं ते मी बघेन, तो अजून बराच शिल्लक आहे.

तू तीनही दिवस आलास हे तिनं मला आपणहून सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, पहिल्या दिवशी तू डबा दिलास, तिनं घेतला, दुसरीकडं जाऊन खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तू आवाराच्या भिंतीला टेकून बसला होतास आणि कोटसुद्धा काढला नव्हतास, वेडा कुठला.

"आणि तिसऱ्या दिवशी?" मी विचारलं.

ती वेणी घालत होती. वेणीचं टोक बांधून म्हणाली, "पेपर सुटला तवा ऊन पार भिंतीपतोर आलतं. ते तितंच बसलेलं, घामानं निथळत. म्हटलं, मास्तर, ऊन आलंय, हिकडं सावलीला सरका."

"मग?"

"सरकलं. मी बी बसलो."

आक्का